सूर्यातली होडी

रत्नागिरीला माणसं आंब्यासाठी जातात, समुद्रासाठी जातात, देवासाठी जातात. मी सूर्याचे फोटो काढायला गेलो होतो. एस.टी.च्या कंडक्टरला हे सांगितलं तेव्हा तो तिकीट फाडता फाडता थांबला. “का, कोल्हापुरात सूर्य न्हाई व्हय?” त्याने विचारलं. गाडीतली माणसं हसली, मीही हसलो. २००५ सालच्या मार्च महिन्यातली ही गोष्ट. परत आल्यावर मित्रांना मी खाण्यापिण्याचं सगळं सांगितलं आणि बाकीचं गिळून टाकलं. ते बाकीचं आता लिहितो आहे.

मी इस्पितळात एक्स-रे काढतो. वीस वर्षं लोकांची हाडं बघून झाल्यावर आकाशाचा नाद लागला. अमेरिकेतल्या भाच्याने एक लहानशी दुर्बीण आणून दिली, फक्त सूर्य बघायची. तिचं नाव हायड्रोजन-आल्फा. सूर्याच्या सगळ्या उजेडातून एकच गर्द तांबडा रंग ती आत सोडते, बाकी सगळं बाहेर ठेवते. त्या एका रंगात सूर्य निराळाच दिसतो. अंगावर काळ्या दोऱ्यांसारख्या रेघा, आणि कडेला ज्वाळा. त्या हलताना दिसत नाहीत, पण चहा पिऊन परत यावं तर त्यांचा आकार बदललेला असतो. माझ्याकडे दोन डिजिटल कॅमेरे होते, एक माझा आणि एक आमच्या डॉक्टरांचा मागून आणलेला. सूर्याच्या तबकडीला एक आणि ज्वाळांना दुसरा, कारण ज्वाळा मंद असतात, त्यांना उजेड जास्त वेळ द्यावा लागतो. कॅमेरा दुर्बिणीला जोडायचा तुकडा कोल्हापुरातच लेथवर करून घेतला होता.

माझी एकच हौस होती. समुद्रात बुडणारा सूर्य या दुर्बिणीतून टिपायचा, कडेच्या ज्वाळांसकट. कोल्हापुरात सूर्य डोंगराआड जातो, तो बुडत नाही.

भाट्ये

पहिली चाचणी भाट्याच्या वाळूवर घेतली. कॅमेऱ्याचा पडदा उन्हात दिसत नाही, म्हणून डोक्यावर काळं कापड घ्यावं लागतं. माझं कापड आमच्या डार्करूमच्या जुन्या पडद्याचं आहे, जाड आणि अजूनही औषधांचा वास असलेलं. ते ओढलं की भर दुपारी काळोख होतो आणि त्या काळोखात तांबडा सूर्य एकटाच राहतो. घरी हे कितीदा केलं होतं. पण तिथे लाटांचा आवाज कापडातून येत होता, आणि तो आवाज त्या सूर्याचाच आहे असं वाटायला लागलं. मी घाबरून कापड काढलं. बघतो तर भरती चढलेली आणि माझ्या चपला गेलेल्या.

डोळ्यांना सगळं हिरवट दिसत होतं. तांबडं खूप वेळ बघितलं की तसं होतं, पाच मिनिटांत जातं. एक बाई कडेवर पोर घेऊन चालली होती. मला बघून तिने पोराचं तोंड पदराने झाकलं.

पूर्णगड

मी उतरलो होतो अण्णांकडे. अण्णा म्हणजे आमच्या इस्पितळातल्या कंपाउंडरचे थोरले भाऊ, निवृत्त मास्तर, किल्ल्याच्या वाटेवर चिऱ्याचं घर, मागे पंधरा-वीस कलमं. आमच्याकडे पाहुणा आला की पहिला अर्धा तास नुसता जेवायचा आग्रह चालतो. इथे अण्णांनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि “बसा हो” म्हणून स्वतः कलमांना बघायला निघून गेले. मला आधी राग आला. मग वहिनींनी पान वाढलं. ओल्या काजूगरांची उसळ, कुळथाचं पिठलं, उकड्या तांदळाचा भात आणि वाटीभर सोलकढी. चवीला तिखट असं काही नाही, तरी मी तीनदा भात घेतला.

दुर्बीण लावायला अण्णांनी सडा दाखवला. सडा म्हणजे गावावरचं जांभ्या दगडाचं उघडं माळरान, झाड नाही की झुडूप नाही. खाली खाडीचं तोंड, समोर सगळा समुद्र. समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताला उत्तर, म्हणजे भाट्ये, रत्नागिरी. डाव्या हाताला खाडीपलीकडे दक्षिण, म्हणजे आंबोळगड आणि जैतापूर. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

“बारा वाजता इथे कुणी थांबत नाही,” अण्णा म्हणाले. “तुम्ही थांबणारच, तर राखणदाराला सांगून ठेवू.” सड्याच्या कडेला एक बिनशेंदराचा दगड होता, तोच जागा राखणारा देव. त्याच्यापुढे नारळ ठेवून अण्णा मोठ्या आवाजात बोलायला लागले. “बा राखणदारा म्हाराजा, हा कोल्लापूरचा पावना आज तुज्या जाग्यात इलेला हाय. सूर्याचे फोटू काढतो. त्याच्या हातून काय चुकलं-माकलं तर पदरात घे म्हाराजा.” हेच अण्णा दहा मिनिटांपूर्वी माझ्याशी शुद्ध मास्तरी मराठीत बोलत होते. मला हसू आवरेना. त्या माळावर दुसरं कुणीच नव्हतं, पण अण्णा बोलायचे थांबले तेव्हा उत्तराची वाट बघत असल्यासारखे थोडा वेळ उभे राहिले.

त्याच संध्याकाळी एक होडी मासेमारीला गेली. तिच्यावर दोन माणसं होती, रमाकांत आणि त्याच्या बायकोचा भाऊ विलास. ती सकाळी यायची होती.

सड्यावर, दुसरा दिवस

होडी सकाळी आली नाही. मला हे माहीत नव्हतं. मी नऊपासून कापडाखाली होतो. त्या दिवशी सूर्याच्या कडेला एक ज्वाळा होती, झाडासारखी, बुंधा बारीक आणि वर पसारा. तिचे साठएक फोटो काढले. वारा पडला, पक्षी गप्प झाले. जांभा असा तापला की मांडीखालचं पोतं पोळायला लागलं. आणि मला जाणवलं की माझ्या मागे कुणीतरी श्वास घेतं आहे.

किती वेळ ते माणूस उभं होतं कोण जाणे. मला कापड काढायचा धीर होईना. शेवटी मागून आवाज आला. “ह्याच्यातून दर्या दिसतो काय?”

मी कापड काढलं. तिशीची एक बाई अनवाणी उभी होती. माझे डोळे हिरव्याने भरलेले, त्यात तिचा चेहरा मेलेल्या माणसासारखा दिसला. हे लिहू नये, पण दिसलं ते दिसलं. ती रमाकांतची बायको, सुलभा. नवरा आणि भाऊ एकाच होडीवर, आणि होडीचा पत्ता नाही.

“दर्या नाही दिसत,” मी म्हटलं. “ह्याच्यातून फक्त सूर्य दिसतो. दुसरं काहीच नाही, सगळा काळोख.”

तिने दुर्बिणीकडे बघितलं, मग समुद्राकडे. “सूर्य दर्यात उतरतो तवा?” ती म्हणाली. “तवा त्येच्या म्होरं काय आसल तर दिसल ना?”

वीस वर्षं यंत्रं हाताळणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. दिसेल, मी म्हटलं. तापलेल्या दगडावर ती अनवाणी गेली तशी परत गेली.

संध्याकाळी समुद्रावर धुरकट खारं धुकं होतं. उघड्या डोळ्यांना पाण्याची रेघसुद्धा नीट दिसत नव्हती. सूर्य उतरायला लागला तसे मी भराभर फोटो घेतले. दुर्बिणीत सूर्य इतका मंद झाला होता की पडद्यावर मला नुसता तांबडा धब्बा दिसत होता. माझी हौस मात्र पुरी झाली असावी, असं वाटलं.

फोटो बघितले ते अण्णांच्या टीव्हीवर. कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडता येते. पडवीत बारा-पंधरा माणसं जमली होती. रमाकांतचे वडील, म्हादू तांडेल, खुर्चीवर. गावात होडी हाकणाऱ्याला तांडेल म्हणतात. म्हादूने चाळीस वर्षं हाकली होती. सुलभा दाराशी होती. बाहेर काळोख व्हायला आलेला, आणि सगळ्यांच्या तोंडावर टीव्हीचा तांबडा उजेड. मी एकेक फोटो पुढे सरकवत होतो. पाण्यावर टेकलेला सूर्य आला, आणि त्या सूर्याच्या पोटात होडी होती.

होडी काळी, करंगळीच्या नखाएवढी. मधे काठी उभी करून ताडपत्री बांधलेली, तिचं शीड फुगलेलं. आणि एका टोकाला माणूस उभा, तांदळाच्या दाण्याएवढा, हात वर, हातात फडकं. पुढच्या फोटोत हात खाली. त्याच्या पुढच्यात पुन्हा वर. चौथ्यात सूर्य बुडालेला आणि नुसता काळोख.

“तेच हायत,” सुलभा म्हणाली.

तांडेल उठून टीव्हीच्या काचेला नाक लावून उभा राहिला. “इंजन गेलं दिसतं,” तो म्हणाला. “शीड लावलंन.” होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, फोटोत उजवीकडे होतं, आणि शीडही उजवीकडे फुगलेलं. समुद्राकडे तोंड केलं तर उजवीकडे उत्तर. “वर चाललीय,” कुणीतरी म्हणालं. “रत्नागिरीच्या अंगाला.”

“वारा तर वायव्येचा हाय,” तांडेल म्हणाला. “वायव्येच्या वाऱ्यान् होडी खाली जायला व्हई. वर कशी जाईल?”

“आत समुद्रात वारा वेगळा असेल,” मी म्हटलं. मी, ज्याने आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता.

तिसरा दिवस

उजाडताना गाव देवळात जमलं. होड्या सोडण्याआधी कौल लावायचा होता. देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि सगळे थांबतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आमच्याकडेही नवस-सायास आहेत, पण एवढी माणसं एका कळीकडे श्वास रोखून बघताना मी कधी पाहिली नव्हती. प्रश्न होता, होड्या उत्तरेला सोडू का?

डावी कळी पडली. आवाज न होता पडली, तरी तो मला ऐकू आल्यासारखा वाटला.

माणसं चुळबुळायला लागली. तांडेल माझ्याकडे बघत होता. आणि मी शहाणपण पाजळलं. म्हटलं, कळी ओल्या जागेवरून घसरते, तिला काय कळतंय. फोटो खोटं बोलत नाही. एकेक तास महत्त्वाचा आहे.

“फोटूत दिसलंय ते खरं,” तांडेल शेवटी म्हणाला. गावात चार चालू होड्या होत्या. चारही उत्तरेला गेल्या.

मी पुन्हा सड्यावर गेलो. खाली थांबवत नव्हतं. वाटेत दोन बायका मला बघून वाट सोडून उभ्या राहिल्या. गावात बोलणं सुरू झालं होतं, काळं कापड घेऊन सूर्याला बघत बसणारा माणूस आला आणि त्याच दिवशी होडी गेली. वहिनींनी ते मला हसत सांगितलं होतं, पण चहा देताना त्यांनी कप माझ्या हातात न देता जोत्यावर ठेवला आणि मागे सरल्या.

दहाच्या सुमारास कापडाखाली कालची ज्वाळा शोधत होतो. ती नव्हती, तुटून गेली होती. तेवढ्यात सूर्यावरून एक घार गेली. डावीकडून आली, पंख न हलवता उजवीकडे गेली. इतकी स्पष्ट की ती बघायला मी कापड काढलं आणि डोळ्यांवर हात धरून आकाशात उजवीकडे शोधलं. घार नव्हती. घार डावीकडे होती, आणि डावीकडेच चालली होती.

दुर्बिणीत उजेड वळवायला एक आरसा असतो. आरशात वरचं वरच राहतं, खालचं खालीच, पण डावं उजवं होतं. सूर्याला डावं-उजवं नसतं, म्हणून इतकी वर्षं मी त्याचा विचार केला नव्हता. आणि मी एक्स-रे काढणारा माणूस. प्रत्येक प्लेटवर डाव्या-उजव्याचं शिशाचं अक्षर ठेवल्याशिवाय बटण न दाबणारा. डावा पाय की उजवा पाय, या एका चुकीने काय होतं हे नव्या पोरांना शिकवणारा.

होडी दक्षिणेला चालली होती. वाऱ्याने नेली तिकडे. तांडेल म्हणाला तिकडे. आणि ती कळी पडली होती तिकडे, हे मला अजूनही लिहवत नाही.

मी धावत खाली आलो. तांडेलापुढे जायचा धीर झाला नाही, अण्णांना गाठून एवढंच सांगितलं की होडी दक्षिणेला आहे, पण पाठवायला होडी एकही नव्हती. सगळ्या माझ्या शब्दावर उत्तरेला गेलेल्या. अण्णांनी बंदराच्या कचेरीत फोन लावला. तिथून, बघतो, असं उत्तर मिळालं. मग अण्णा आणि मी खाडी ओलांडून पलीकडच्या गावात गेलो, दारोदार फिरलो. एक होडी मिळाली, तिचं डिझेल आणेपर्यंत दोन वाजले. ती निघताना समुद्र इतका शांत होता की त्याचा राग आला.

नंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोळगडच्या समोर होडी सापडली. तिच्यावर एकटा विलास होता, इंजिनाच्या पट्ट्यात पाय सापडून चिरडलेला, तापाने फणफणलेला. रमाकांत नव्हता.

विलास शुद्धीवर आला तेव्हा मी तिथेच होतो. तांडेलाच्या पडवीत सगळे बसले होते आणि तो अगदी हळू बोलत होता. इंजिन पहिल्या रात्रीच बंद पडलं. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीचं शीड केलं, किनारा धरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. “सूर्य बुडताना दाजी बोलले, सड्यावर बघ,” विलास म्हणाला. “सड्यावर तांबडी टिकली चमकत हुती. एकाच जाग्यावर, हलत नव्हती. दाजी बोलले, काच हाय ती, कोणतरी आपल्याला बगतंय. मग फडकं हलवलांनी.”

माझ्या दुर्बिणीची पुढची काच नको असलेला सगळा उजेड आल्या वाटेने परत पाठवते. सूर्याच्या रेषेत जो असेल त्यालाच तो दिसतो. म्हणजे मी त्यांना बघत होतो त्याच क्षणी ते मला बघत होते.

“मग शीड उतरवलं,” विलास सांगत होता. “दाजी बोलले, आता लांब जायला नको. बघितलांनी आपल्याला. सकाळी येतील.” सकाळ झाली. कुणी आलं नाही. ऊन चढलं, पाणी संपलं. बाराच्या सुमाराला लांबून एक ट्रॉलर जाताना दिसला. विलासला हलता येत नव्हतं. रमाकांत रिकामा डिझेलचा कॅन छातीशी धरून पाण्यात उतरला आणि ट्रॉलरच्या दिशेने पोहत गेला. ट्रॉलर थांबला नाही. कॅन थोडा वेळ दिसत होता.

बाराच्या सुमाराला मी आणि अण्णा डिझेल शोधत होतो.

त्या संध्याकाळी मी तांडेलाला गाठून सगळं सांगितलं. आरसा, घार, माझी चूक. त्याला मी हात जोडले. तो मला मारेल असं वाटत होतं, आणि मारावं असंही वाटत होतं. तो खाडीकडे तोंड करून बसला. “मला वारा ठाऊक हुता,” तो म्हणाला. “चाळीस वर्सं ठाऊक हाय. मी वारा सोडला आनि फोटू धरला. तुमी काय, पावने.” उठताना म्हणाला, “सुलभेला सांगू नका. तुमी त्येला बघितलंत, त्येवडंच तिच्याकडं ऱ्हायलंय.”

मी दोन दिवस राहिलो. रमाकांत सापडला नाही. दुर्बीण पेटीतून काढली नाही. रत्नागिरीला जाऊन एका स्टुडिओत तो फोटो छापून घेतला, कारण सुलभेने अण्णांच्या हाती निरोप पाठवून तो मागितला होता. छापणाऱ्याला आधी तो सुलटा करायला सांगितला, डाव्याचं डावं. त्याने केला. आता होडी दक्षिणेला चालली होती.

निघायच्या दिवशी सुलभा एस.टी.च्या थांब्यावर आली. मी पाकीट दिलं. तिने फोटो काढून उन्हात धरला. तांबडा सूर्य, काळी होडी, वर केलेला हात. काळ्या सावलीला चेहरा नसतो. तांदळाच्या दाण्याला तर नसतोच. पण ती बोट लावून तिथेच बघत राहिली, गाडीचा आवाज वळणावर येईपर्यंत.

“हसतायत ते,” ती म्हणाली. “तुमी बघितलंत म्हनून. दिसतंय ना तुमाला?”

मी हो म्हणालो.